सम, खाली आणि सस्पेन्स

आमच्या परभणीविषयी दोन म्हणी आहेत. पहिली, ‘बनी तो बनी, नहीं तो परभणी.’ म्हणजे जगात कुठं काही जमलं नाही तरी घाबरू नका, शेवटी परभणी आहेच. हिचा अर्थ आम्हाला लहानपणीच कळतो, कारण घरातली वडीलधारी माणसं आमच्याकडं बघूनच ती म्हणत असतात. दुसरी म्हण, ‘जगात जर्मनी, भारतात परभणी.’ ही ऐकली की आमची छाती फुगते, पण अर्थ विचारला की आवाज बसतो. जर्मनीचं आणि आमचं यमकापलीकडं काय नातं आहे, हे सांगणारा माणूस मला तरी भेटला नव्हता. आता मी स्वतःच ते पुराव्यानिशी सांगू शकतो. नातं आहे, चांगलं जुनं आहे, आणि ते भीमपलासी रागातून जातं.

मी बँकेत कारकून. घर परभणीला, शाखा सेलूला आणि उरलेलं आयुष्य फलाटावर. शिक्षण बी.कॉम. गाण्याशी संबंध एवढाच, की शाळेत प्रार्थनेच्या वेळी बाई मला मागच्या रांगेत उभं करीत आणि ‘नुसते ओठ हलव’ असं प्रेमानं सांगत. पण बी.कॉम.नं मला एक विद्या दिली आहे. कोणत्याही दोन वह्या समोर ठेवा, मी त्यांच्यातला फरक काढून देतो. नावेची बेरीज आणि जमेची बेरीज सारखी आली की तेरीज जुळली. नाही आली, तर फरकाची रक्कम तात्पुरती सस्पेन्स अकाउंटला टाकायची आणि शोधत बसायचं. हे नाव ज्यानं ठेवलं तो मूळचा रहस्यकथा लिहिणारा असावा. नोकरीच्या पहिल्याच वर्षी मी सदतीस पैशांच्या फरकापायी रात्री साडेनऊपर्यंत बसलो होतो. ‘साहेब, सदतीस पैसे मी खिशातून टाकतो,’ म्हटलं तर मॅनेजर म्हणाले, ‘पैसे टाकू नका, फरक शोधा.’ हे वाक्य मी तेव्हापासून देवघरात ठेवल्यासारखं जपून ठेवलंय.

तर आमच्या भागात एक गुरुजी होते. जिल्हा परिषदेच्या शाळेत गणित शिकवायचे आणि संध्याकाळी ओसरीवर गाणं. गणिताचा पगार मिळायचा, गाण्याचा त्यांनी कधी घेतला नाही. तीन वर्षांपूर्वी ते गेले. मागं राहिलं ते असं : काकू, एक पेटी, दोनशे पानी एक वही, साठ मिनिटांची एक कॅसेट आणि दोन पट्टशिष्य. शिष्यांपैकी एक एस.टी.तून निवृत्त झालेले कंडक्टर, दुसरे खत-बियाण्यांचे दुकानदार. वही कंडक्टरांकडं गेली, कॅसेट खतवाल्यांकडं. आणि पहिल्याच पुण्यतिथीला दोघांची जुंपली.

भांडण कशावरून? तर भीमपलासीतल्या द्रुत बंदिशीच्या मुखड्यात मध्यमावर एक मात्रा थांबायचं की दोन. कंडक्टर म्हणाले, ‘वहीत एक मात्रा लिहिलीय. गुरुजींचं अक्षर आहे, वाचा.’ खतवाले म्हणाले, ‘कॅसेटमधी दोन मात्रा थांबलेत. गुरुजींचा आवाज आहे, ऐका.’ एक मात्रा म्हणजे जेमतेम अर्धा सेकंद. त्या अर्ध्या सेकंदापायी दोन भली माणसं दोन वर्षं एकमेकांच्या दारावरून तोंड फिरवून जात होती. इकडं जी पाच-सहा पोरं गुरुजींच्या ओसरीवर शिकत होती, ती एक दिवस वहीतून आणि एक दिवस कॅसेटवरून शिकून पार गोंधळली. त्यातली दोन यायचीच बंद झाली. शेवटी काकूंनी मला निरोप धाडला. काकूंचं पेन्शन खातं माझ्या टेबलावर. म्हणाल्या, ‘तुम्ही दिवसभर कॉम्प्युटरवर बसायलेत. दोन वह्या जुळवून देता म्हणे. आमच्या ह्या दोन जुळवून द्या.’

आता गाण्याची वही ही काय चीज असते ते मला कुठं ठाऊक? उघडून पाहिली आणि एकदम घरी आल्यासारखं वाटलं. अहो, चक्क खतावणी! आडवे-उभे रकाने, तीनतालाच्या सोळा मात्रा चार-चारांच्या घरात, समेखाली फुली, खालीखाली शून्य, टाळ्यांखाली आकडे. कोमल स्वराखाली आडवी रेघ, तीव्र मध्यमावर उभी, खालच्या सप्तकाला खाली टिंब, वरच्याला वर. स्वर लांबला की डॅश, आणि अक्षर लांबलं की अवग्रह. ही पद्धत पंडित विष्णु नारायण भातखंडे यांची. भातखंडे (१८६०–१९३६) हे एल्‌एल्.बी. झालेले वकील. गावोगाव हिंडून, खाँसाहेबांची मनधरणी करून त्यांनी शेकडो चिजा मिळवल्या आणि ‘क्रमिक पुस्तक मालिके’च्या सहा भागांत लिहून टाकल्या. तिकडं कुरुंदवाडचे पंडित विष्णु दिगंबर पलुसकर यांनी १९०१ साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं आणि आपली निराळीच लेखनपद्धत चालवली. म्हणजे एकाच गाण्याच्या दोन वह्या आणि दोन पक्ष ही काही आमच्या खतवाल्यांनी काढलेली नवी टूम नव्हे.

मला खरा धीर आला तो आणखी एका नावानं. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल. हे गृहस्थ डेप्युटी कलेक्टर. निवृत्तीनंतर माणूस शेतीची मोजणी करून घेतो, यांनी श्रुतींची मोजणी केली. तारेची लांबी मोजून बावीस श्रुती कुठं कुठं पडतात त्याचं पुस्तक १९१० साली छापलं. क्लेमेंट्स नावाचे आय.सी.एस. साहेब त्यांच्या मदतीला आले आणि श्रुतींची हार्मोनियम तयार झाली. १९१६ साली बडोद्याला पहिली अखिल भारतीय संगीत परिषद भरली, तिथं या श्रुतींवर कडाक्याचा वाद झाला. वाद घालणारे कोण? वकील, डेप्युटी कलेक्टर, आय.सी.एस.! म्हटलं, मग बँकेच्या कारकुनानंच काय घोडं मारलंय?

आधी कॅसेट. दाब देणारी फेल्टची गादी पडलेली, फीत सैल झालेली. पेन्सिल घालून फीत गुंडाळली, स्टेशनजवळच्या एका दुरुस्तीच्या दुकानात चालू स्थितीतला टेपरेकॉर्डर मिळाला, आणि वायर जोडून गुरुजी लॅपटॉपमध्ये उतरले. वही उतरवायला म्युझस्कोअर नावाचं सॉफ्टवेअर घेतलं, कारण ते फुकट मिळतं. ते आहे पाश्चात्त्य पाच रेघांचं. त्या रेघांवर स्वर बसवून खाली गीताच्या जागी सा, रे, ग लिहीत गेलो. म्युझस्कोअर २००२ साली सुरू केलं ते वेर्नर श्वेर या गृहस्थांनी. आणि हे गृहस्थ कुठले? जर्मन! म्हण आठवून मी खुर्चीत ताठ बसलो.

पहिली अडचण अशी, की सॉफ्टवेअर पहिल्या मात्रेपासून सुरू होतं आणि गुरुजींची बंदिश नवव्या मात्रेपासून, म्हणजे खालीपासून. संगणकाच्या माणसाला हे विचित्र वाटेल. बँकेच्या माणसाला नाही. आमचं वर्ष तरी कुठं एक जानेवारीला सुरू होतं? ते एक एप्रिलला उठतं. मी आठ मात्रांचा एक अपुरा तुकडा सुरुवातीला जोडला आणि पुढं गेलो.

दुसरी अडचण मोठी. सॉफ्टवेअर चालतं मेट्रोनोमच्या हिशेबानं, मिनिटाला अमुक ठोके. (या मेट्रोनोमचं पेटंट १८१५ साली मेल्झेल यांनी घेतलं. जन्म रेगेन्सबुर्ग, जर्मनी. मी काही बोलत नाही.) गुरुजी चालतात आपल्या हिशेबानं. दोघांना एकदम सोडलं तर पहिल्या समेला हातात हात, तिसऱ्या समेला नुसती ओळख, आणि दहाव्या समेला गुरुजी मानवत रोडला अन् सॉफ्टवेअर अजून परभणीच्या आउटरला उभं. रोज गाडीनं येणाऱ्या-जाणाऱ्याला हे समजायला जड नाही. वेळापत्रक म्हणजे नोटेशन आणि गाडी म्हणजे ख्याल. दोन्ही खरे असतात, पण प्रवास गाडीनं करावा लागतो.

यावर उपाय आहे, आणि तो कारकुनी आहे. ऑडॅसिटी नावाच्या दुसऱ्या फुकट सॉफ्टवेअरमध्ये गाणं लावायचं आणि प्रत्येक समेला कळ दाबून खूण करायची. खूण कुणावर करायची, गुरुजींच्या अक्षरावर की तबल्याच्या ‘धा’वर? दोन्ही एका क्षणी पडतील अशी माझी समजूत होती. पडत नाहीत. गुरुजी समेवर यायचे ते पाहुणा जेवायला यावा तसे, ताट वाढून झाल्यावर एक क्षणभर थांबून. मी तबला धरला. बँकेत घड्याळ भिंतीवरचं धरतात, साहेबांच्या मनगटावरचं नाही. सहा मिनिटांच्या बंदिशीत पन्नास समा निघाल्या. त्यांच्या वेळांची यादी एक्सेलमध्ये ओतली. दोन समांमधलं अंतर आठ सेकंद असेल तर सोळा मात्रांना आठ सेकंद, म्हणजे मिनिटाला १२० मात्रा. साडेसात सेकंद असेल तर १२८. अशी पन्नास आवर्तनांची लय काढली आणि म्युझस्कोअरमध्ये प्रत्येक आवर्तनाच्या डोक्यावर तिचा आकडा चढवला. आता सॉफ्टवेअर गुरुजींच्या मागून चालू लागलं. पडद्यावरची रेघ स्वरांवरून सरकते आणि त्याच क्षणी गुरुजींचा आवाज तो स्वर लावतो. पहिल्यांदा हे जमलं तेव्हा रात्रीचा दीड वाजला होता, आणि ‘फरक सापडला का?’ असं बायकोनं झोपेतच विचारलं.

सापडला होता. शेवटच्या आवर्तनाला लय निघाली १५०. आरंभापेक्षा पंचवीस टक्के वाढ. एवढा व्याजदर पाहून कुणीही दचकेल. ही लय गुरुजींनी वाढवली, तबलजीनं, की यंत्रानं? इथं पेटी साक्षीला आली. माणूस चढतो, उतरतो. पेटीचा सूर आपणहून चढत नाही. पण कॅसेटच्या शेवटी पेटीचा षड्ज काकूंच्या घरातल्या त्याच पेटीपेक्षा सुमारे पाव स्वर वर लागत होता. विचारलं तर काकू म्हणाल्या, ‘लाइट गेली होती. सेल घालून टेप चालवला होता.’ झालं! सेल उतरत गेले, रेकॉर्ड करताना फीत हळू फिरली, आणि आता सरळ वेगानं वाजवली की सगळं थोडं जलद आणि थोडं चढं ऐकू येतं. पाव स्वर म्हणजे सुमारे तीन टक्के. तेवढे सेलच्या नावे टाकले. उरलेले एकवीस टक्के गुरुजींचे आणि तबलजीचे, रंगात आल्याचे.

हे काम चालू असताना पुण्याला इंजिनियरिंग शिकणारा भाचा फोनवर म्हणाला, ‘मामा, तुम्ही उगाच सॉफ्टवेअरला गाण्यामागं पळवायलात. गाणंच ओढूनताणून ठोक्यावर बसवा. एका क्लिकचं काम आहे.’ आणि त्यानं खरंच पहिल्या मिनिटाचा तुकडा तसा करून पाठवला. आमच्या भाषेत शंभर टक्के टॅली. प्रत्येक सम फुलीवर, प्रत्येक मात्रा घरात, मध्यम बरोबर एक मात्रा. वहीबरहुकूम. मी मोठ्या अभिमानानं तो काकूंना ऐकवला. त्या डोळे मिटून ऐकत होत्या. संपल्यावर म्हणाल्या,

‘आवाज ह्यांचाच आहे. पण गायलंय कोण?’

मी तो तुकडा पुसून टाकला. माझ्या शिक्षणातही तेच बसतं. बँकेत आधी व्हाउचर, मग खतावणी. कॅसेट हे व्हाउचर, वही ही खतावणी. खतावणीशी जुळावं म्हणून व्हाउचरमध्ये खाडाखोड करण्याला आमच्याकडं एक निराळं नाव आहे, आणि ती केली की माणसाला बराच काळ घरी बसून गाणं ऐकायला सवड मिळते.

गाणं पकडून ठेवायच्या या खटपटीला शंभरावर वर्षं झाली. १९०२ साली कलकत्त्याला गौहर जान यांनी गायलं, तेव्हा तबकडीवर मिनिटं होती तीन. गाणं संपता संपता त्या इंग्रजीत आपलं नाव सांगत, कारण तबकड्या छापल्या जायच्या हॅनोव्हरला आणि तिथल्या कामगारांना कुणाचं गाणं ते कळावं. हॅनोव्हर कुठं आहे ते सांगायची गरज नाही. कॅसेटसुद्धा जगानं पहिल्यांदा पाहिली ती १९६३ साली बर्लिनच्या प्रदर्शनात. आणि आलाप-मींड यांचा पडद्यावर वळणावळणाचा आलेख काढून तो ध्वनिमुद्रणाबरोबर सरकवण्याचं काम मुंबईच्या एन.सी.पी.ए.त सुवर्णलता राव आणि विम व्हॅन डर मेर यांनी करून ठेवलंय. तो आलेख पाहिला की कळतं, दोन स्वरांच्या मधल्या ज्या जागेला वहीत नुसती एक कमान असते, तिथं केवढा मोठा घाट आहे.

आपल्या बायकांनी तर लिहायची भानगडच ठेवली नव्हती. जनाबाईंचं गंगाखेड आमच्याच जिल्ह्यातलं. जात्याला मेट्रोनोम नसतो. दाणे जास्त पडले की जातं जड फिरतं, दाणे सरले की हलकं, आणि ओवी त्याच्या मागून जाते. हेमा राईरकर आणि गी पॉइत्व्हाँ यांनी महाराष्ट्रभरातून अशा लाखावर ओव्या गोळा केल्या. कागदावरच्या ओव्या आणि टेपवरचे आवाज संगणकावर जुळवायला बर्नार्ड बेल हे फ्रेंच गृहस्थ आले. (एक फ्रेंच आला. म्हणीला थोडा धक्का बसला, पण पुरावा दडवणं आमच्यात बसत नाही.) तिथंही वही आणि आवाज यांचा मेळ घालणारं कुणीतरी रात्र-रात्र बसलं असणार. त्या अनोळखी माणसाला माझा नमस्कार.

अखेर एका रविवारी काकूंच्या ओसरीवर मी लॅपटॉप मांडला. दोन्ही पक्षांना निरोप गेले होते. दुसरा येणार हे दोघांनाही सांगितलं नव्हतं. कंडक्टर खांबाच्या अलीकडं बसले, खतवाले पलीकडं. मध्ये पोरं. मी कळ दाबली. रेघ सरकू लागली, गुरुजी गाऊ लागले. मुखडा आला. मध्यमावर रेघ एक मात्रा थांबली, गुरुजीही बरोबर एक मात्रा थांबले. कंडक्टर खतवाल्यांकडं न बघता म्हणाले, ‘एक.’

दुसऱ्यांदा मुखडा आला. रेघ पुढं गेली, गुरुजी मध्यमावरच बसून राहिले आणि मग भरभर उतरून समेला अलगद पोचले. खतवाले छताकडं बघत म्हणाले, ‘दोन.’

तिसऱ्यांदा दीड. चौथ्यांदा गुरुजींनी मध्यमाला नुसतं शिवून सोडलं, थांबलेच नाहीत. आता दोघंही गप्प. पाचव्यांदा कुणाला मोजायचंच भान राहिलं नाही. मी आधीच मोजून ठेवलं होतं. सहा मिनिटांत मुखडा अकरा वेळा येतो, आणि वहीशी तंतोतंत जुळतो तो एकदाच, पहिल्यांदा. गुरुजींनी आधी वहीत लिहिल्याप्रमाणे एकदा गाऊन दाखवलं आणि मग गायला सुरुवात केली.

कंडक्टरांचा चेहरा उतरला. गुरुजींचं अक्षर खोटं पडलं असं त्यांना वाटलं असावं. मी म्हटलं, ‘कंडक्टरसाहेब, वही म्हणजे आरंभीची शिल्लक. ती चुकली तर पुढचं काहीच जुळणार नाही. पण म्हणून वर्षभर खात्यात उलाढालच करायची नाही, असं कोणती बँक म्हणते?’ ते थोडा वेळ वहीकडं पाहत राहिले. मग त्यांनी ती माझ्याकडं न देता खांबापलीकडं सरकवली. खतवाल्यांनी ती पहिल्यांदाच हातात घेतली आणि दुकानातल्या सवयीनं जरा झटकून उघडली.

आता राहिला हिशेब. पन्नास आवर्तनांतले वही आणि आवाज यांतले सगळे फरक मी एक्सेलच्या एका पानावर उतरवलेत. एकशे चौदा निघाले. बँकेत सस्पेन्स अकाउंटला पडलेल्या रकमेचा सोक्षमोक्ष लावावा लागतो, नाहीतर ऑडिटर जेवू देत नाही. हे एकशे चौदा मात्र मी तसेच ठेवलेत. पोरं आता वहीतून पाठ करतात आणि मग एकेक फरक त्या पानावरून शोधून गाऊन बघतात. बंद झालेल्या दोघांपैकी एक परत आलाय. दुसरा क्रिकेटमध्ये रमला, तो माझ्या हिशेबात बुडीत.

कंडक्टर आणि खतवाल्यांचं भांडण मिटलं असं काही मी म्हणणार नाही. गेल्या आठवड्यात गेलो तेव्हा तबलजीनं शेवटी लय वाढवली की गुरुजींनी, यावर दोघांचे आवाज चांगलेच चढले होते. मी सेलचे तीन टक्के वजा करून दाखवले, तरी कुणी ऐकेना. पण आता ते एकाच सतरंजीवर बसून भांडतात आणि चहा एकाच किटलीतला पितात. आमच्याकडं याला थकीत खातं नियमित झालं असं म्हणतात.

मला काळजी निराळीच लागलीय. ही बातमी गावभर झाली आणि भजनी मंडळाचे अध्यक्ष परवा काउंटरवर आले. पैसे भरायचे नव्हते, काढायचे नव्हते. त्यांनी पिशवीतून नऊ कॅसेटी काढून समोर रचल्या आणि म्हणाले, ‘वही नाही. तेवढं सोडून सगळं आहे.’